घाट उतरण्याआधी ब्रेक ऑइल पाहा

सांगलीची गाडी महाबळेश्वर पाहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरते, तेव्हा सुमारे ४० किलोमीटरांत हजार मीटरहून जास्त उंची कमी होते. सतत ब्रेक दाबल्याने चाकांपाशी उष्णता साठते आणि ती ब्रेक ऑइललाही तापवते.

ग्लायकॉलचे हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ३.७ टक्के पाणी मुरले की हा किमान आकडा १५५ वर येतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. ऑइल उकळले की नळ्यांत वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक मात्र लागत नाही, आणि पेडल थेट तळाला जाते.

खरेदीआधी ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरचा डॉट क्रमांक वाचावा. सिलिकॉनचे डॉट ५ ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये कधीच मिसळू नये, डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचेच असते.

अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. वरून भर घालणे पुरेसे नाही. चारही चाकांपाशी ब्लीडिंग करून जुने ऑइल आणि हवा काढावी लागते. मेकॅनिकला सीलबंद डबा समोरच फोडायला सांगावे. गाडीच्या रंगावर सांडले, तर लगेच पाण्याने धुवावे.