दहा हजार फुटांचा बांबू

दोस्तांनो, रात्री वीज गेली की तुम्ही काय करता? डास मारत अंगणात बसता, होय ना? पुढच्या वेळी चांदणं असेल आणि जवळ बांबूचं बेट असेल, तर त्याची जमिनीवर पडलेली सावली बघा. चंद्र नुकताच उगवलेला असला की ती केवढी लांब पडते! या सावलीवरून एकदा चीनमध्ये दोन मित्रांची मोठी गमतीची जुंपली होती.

बांबू आपल्या बुलढाणा जिल्ह्याला काही नवा नाही. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या पोरांना तर सांगायलाच नको. सातपुड्यातला मानवेल बांबू त्यांच्या ओळखीचा. बाजारात बुरूडकाका बांबूचीच सुपं, टोपल्या मांडून बसतात. चिनी चित्रकारांनी मात्र हजार वर्षं या बांबूची चित्रं काढली. तीही नुसत्या काळ्या शाईने!

हिरवा बांबू काळा कसा, असं म्हणाल. पण सावली काळीच असते ना? ती बघून तुम्ही बांबू ओळखताच की.

त्यांची शाई बाटलीत नसते. काजळी आणि सरस कालवून तिची कांडी करतात. आजी सहाणेवर चंदन उगाळते, तशी ती दगडावर पाणी घालून उगाळायची. पाणी कमी तर गडद काळी, जास्त तर फिकी राखाडी. चित्र रेशमावर काढायचं. शाई फुटू नये म्हणून रेशमाला आधी सरस आणि तुरटीचं पाणी द्यायचं. शाळेतला भिंतीवरचा नकाशा कसा दांडीला लावलेला असतो? तसंच हे चित्र. टांगायचं, नाहीतर गुंडाळून ठेवायचं.

आणि खोडरबर? ते नाहीच. रेशमावर शाई पडली की पडली.

म्हणूनच वेन थुंग (1018–1079) हा या कलेतला उस्ताद मानला जातो. तो होता सरकारी अधिकारी, पण जीव सगळा बांबूत. पानाची वरची बाजू गडद आणि मागची फिकी दाखवायची रीत त्याच्यापासून सुरू झाली म्हणतात. त्याचा नातलग आणि जिवलग मित्र म्हणजे मोठा कवी सू शी. वेन थुंग त्याला सांगायचा, एक पेर, मग दुसरं पेर, मग पान, असा जोडत बसलास तर बांबू होणार नाही. कोंब बोटभर असतो तेव्हाच त्यात पेरं आणि पानं सगळी असतात. आधी अख्खा बांबू मनात उभा राहू दे. तो दिसला रे दिसला की ससाण्याने सशावर झडप घालावी तसा कुंचला चालव. जरा रेंगाळलास की गेला!

सू शी प्रामाणिक होता. त्याने लिहून ठेवलंय की हे मला समजतं, पण हाताला जमत नाही, कारण सराव नाही. आपल्याकडे म्हणतात ना, कळतं पण वळत नाही!

वेन थुंगचं नाव झालं, तसे लोक रेशीम घेऊन दारात रांग लावू लागले. तो इतका कंटाळला की एकदा रेशीम जमिनीवर फेकून म्हणाला, याचे मी पायमोजे शिवीन!

मग सू शीला त्याने लिहिलं, मला रेशमावर दहा हजार फुटांचा बांबू काढायचाय. सू शी काय कमी? त्याने हिशेब केला. एका ताग्यात 40 फूट, म्हणजे 250 तागे लागतील. गड्या, तुला चित्र नकोय, फुकटचं रेशीम हवंय! वेन थुंगने हार मानली. म्हणाला, चुकलो, एवढा बांबू जगात असतोच कुठे? सू शीचं उत्तर आलं, असतो की, रिकाम्या अंगणात, चांदण्यात, त्याची सावली बघ.

वेन थुंग खूप हसला. त्याने दरीतल्या बांबूंचं एक चित्र काढून मित्राला पाठवलं. सोबत लिहिलं, हा आहे काही फुटांचाच, पण ऐट दहा हजार फुटांची आहे.

वेन थुंगचं मानलं जाणारं एक रेशमी चित्र आजही तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. एकच फांदी, खाली झुकलेली, आणि टोक पुन्हा वर उचललेलं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांपेक्षा साधी, पण नजर हटत नाही.

1079 च्या सुरुवातीला वेन थुंग वारला. त्याच वर्षी, सातव्या चिनी महिन्यात, सू शीने आपली पुस्तकं आणि चित्रं उन्हात घातली होती, आपण ट्रंकेतल्या गोधड्या घालतो तशी. एक गुंडाळी उलगडली, तर तेच बांबू समोर. त्याने चित्र खाली ठेवलं आणि तो ढसाढसा रडला. मग बसून त्याने ही सगळी हकिगत लिहून काढली, पायमोजे आणि 250 ताग्यांसकट.