पदवीचे महाविद्यालय निवडताना (लेखांक ४) : शुल्क, आकार आणि अंतर

गेल्या आठवड्याच्या लेखांकात गुणवत्ता यादी आणि राखीव जागांची विभागणी यांचा विचार झाला. यादीत नाव लागलेल्या दोन-तीन महाविद्यालयांतून एकाची निवड कशी करावी, हा या लेखांकाचा विषय आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात या प्रश्नाला वेगळे रूप येते, कारण येथील बहुतेक महाविद्यालये आणि दादर-माटुंग्याची नामांकित महाविद्यालये एकाच मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि एकाच लोहमार्गाने जोडलेली आहेत. माटुंग्याचे रुईया महाविद्यालय १९३७ साली सुरू झाले, तर ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये १९६९ मध्ये आणि कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ मध्ये उभे राहिले. त्याआधीच्या पिढीतील बहुतेकांना पदवीसाठी मुंबई गाठण्यावाचून फारसा पर्याय नव्हता आणि त्या गरजेतून पडलेला प्रघात गरज सरल्यावरही घराघरांत टिकून आहे.

शुल्काबाबत पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की महाविद्यालय स्वस्त असते किंवा महाग असते. वस्तुतः शुल्क ठरते ते अभ्यासक्रमाच्या प्रकारावरून. अनुदानित अभ्यासक्रमात मंजूर पदांवरील शिक्षकांचे वेतन राज्य शासन देते, म्हणून तेथील शुल्क कमी असते; स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमात, म्हणजे ज्याचा सारा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवावा लागतो अशा अभ्यासक्रमात, तेच शुल्क कैक पटींनी वाढू शकते, आणि हे दोन्ही प्रकार पुष्कळदा एकाच इमारतीत, शेजारशेजारच्या वर्गांत चालतात. पारंपरिक बी.एस्सी. अनुदानित असताना त्याच महाविद्यालयातील माहिती तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बहुधा स्वयंअर्थसहाय्यित असतो. म्हणून प्रवेश निश्चित करण्यापूर्वी ‘ही तुकडी अनुदानित आहे का’ असे कार्यालयात स्पष्टपणे विचारावे. व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळणाऱ्या मुलींनी याखेरीज जुलै २०२४ चा शासन निर्णय पाहावा, ज्यानुसार ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ होते.

आकाराविषयी थोडक्यात सांगता येते. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा असलेल्या मोठ्या महाविद्यालयात विषयांची निवड विस्तृत मिळते, लहान महाविद्यालयात शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखण्याची शक्यता अधिक असते. परंतु एकूण विद्यार्थिसंख्येपेक्षा, हव्या असलेल्या विषयाच्या विभागात कायमस्वरूपी शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणारे किती, ही माहिती कितीतरी अधिक उपयोगी आहे.

अंतराचा हिशेब मात्र सहसा मांडलाच जात नाही. विद्यार्थ्यांना रेल्वेचा पास सवलतीत मिळत असल्यामुळे प्रवास स्वस्त वाटतो, पण त्याची खरी किंमत तासांत मोजावी लागते. डोंबिवलीतील विद्यार्थ्याला गावातल्या महाविद्यालयाऐवजी माटुंग्याला जाण्यासाठी प्रत्येक खेपेस एक तास जादा लागतो असे मानले आणि वर्षाचे १८० अध्यापनदिवस धरले, तर वर्षाकाठी ३६० तास होतात. पदवी अभ्यासक्रमात श्रेयांक हे अध्ययनाचे एकक असून एका श्रेयांकासाठी १५ तासांचे वर्गाध्यापन अपेक्षित असते. म्हणजेच हा जादा प्रवास २४ श्रेयांकांच्या वर्गाध्यापनाइतका वेळ खातो, आणि एका सत्राचे श्रेयांक साधारणतः २० ते २२ असतात. त्यात गर्दीचा धोका वेगळाच: ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ लोकलमधून पडून प्रवाशांचे प्राण गेले, आणि डोंबिवली-मुंबई प्रवासाचा रस्ता त्याच रुळांवरून जातो. हे मोल केवळ प्रसिद्ध नावासाठी मोजावे, असे मानण्यास सबळ आधार दिसत नाही, विशेषतः रुईयाप्रमाणेच ठाण्याचे बांदोडकर आणि कल्याणचे बिर्ला ही महाविद्यालयेही स्वायत्त असताना, म्हणजे स्वतःचा अभ्यासक्रम आखून स्वतःच परीक्षा घेत असताना. पदवी या सर्वांना मुंबई विद्यापीठाचीच मिळते. जवळच्या महाविद्यालयांत अखेरच्या वर्षापर्यंत शिकवला न जाणारा विषय शिकायचा असेल, तर मात्र लांबचा प्रवास सार्थ ठरतो, आणि तसे जाणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्यांनी अडवू नये.

दिशेचाही विचार व्हावा. सकाळची गर्दी मुंबईकडे वाहते, त्यामुळे ठाण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला कल्याणकडे जाताना डब्यात तुलनेने सहज जागा मिळते, आणि हा पर्याय ठाण्यातील कुटुंबे फारच क्वचित विचारात घेतात. स्थानकापासून महाविद्यालयापर्यंतचा शेवटचा टप्पाही पाहावा लागतो, कारण शेअर रिक्षाचे भाडे पासात धरलेले नसते. वेळापत्रक तर प्रवेशापूर्वीच मागून घ्यावे : सकाळी सातला सुरू होणारे तास दुपारी संपत असतील तर परतीचा प्रवास सुसह्य होतो, मात्र विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके सायंकाळपर्यंत लांबत असतील, तर परतताना कार्यालये सुटण्याच्या वेळची गर्दी आठवड्यातून किती दिवस वाट्याला येईल, हे त्या वेळापत्रकावरूनच कळते.