पदपथाचा हिशेब

गेल्या वर्षीं एका सकाळीं मी माझ्या वृद्ध आईबरोबर घरापासून जवळच्या देवळापर्यंत पायीं गेलों. अंतर जेमतेम अर्ध्या मैलाचें. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पदपथ होता, त्यावरील फरश्याहि नव्या होत्या. तरी आई रस्त्याच्या कडेनेंच चालूं लागली. मीं तिला वर येण्यास सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "वर चढलं कीं लगेच उतरावं लागतं रे. त्यापेक्षां खालींच बरं." परत येतांना मीं मुद्दाम मोजलें. अर्ध्या मैलांत तो पदपथ अकरा ठिकाणीं तुटला होता. कोठें बंगल्याचें फाटक, कोठें विजेची पेटी, कोठें दुचाक्यांची रांग, तर कोठें खणून तसाच ठेवलेला खड्डा. कागदोपत्रीं तेथें पदपथ आहे. त्यावर पैसाहि खर्च झाला आहे. परंतु ज्यांच्यासाठीं तो बांधला, त्यांपैकीं एक व्यक्ति मोटारींच्या शेजारून चालत होती.

पैसा खर्च होऊनहि असें कां व्हावें, हें आज मी आपणांस सांगणार आहें. प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. केंद्र-शासनाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर ३२,८०० हून अधिक पादचारी मृत्युमुखीं पडले. सर्वोच्च न्यायालयानें तर १४ मे २०२५ रोजीं असें स्पष्ट केलें कीं, चालण्यास योग्य पदपथ मिळणें हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदानें दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हां पदपथ ही नगरपालिकेनें कृपा म्हणून द्यावयाची वस्तु राहिलेली नाहीं.

उदाहरणादाखल आपण पुणें शहर घेऊं. हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. विद्यार्थी, कारकून, कामगार, प्राध्यापक सारे सायकलीवरून जात. सायकलस्वारास त्या काळीं कर भरून सायकलीला बिल्ला लावावा लागे, हें आपल्यांतील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. म्हणजे रस्त्याच्या खर्चाला त्याचाहि हातभार लागत होता. पुढें स्वयंचलित दुचाक्या आल्या, मोटारी आल्या, आणि सायकलस्वार हळूहळू रस्त्याच्या कडेला व नंतर रस्त्याबाहेरच लोटला गेला. त्याला परत आणावें म्हणून महानगरपालिकेच्या मुख्य सभेनें डिसेंबर २०१७ मध्यें शहराचा सर्वंकष सायकल-आराखडा मंजूर केला. परंतु आराखडा मंजूर होणें निराळें आणि रस्त्यावर वाट तयार होणें निराळें. या दोहोंच्या दरम्यान तीन हिशेब जमावे लागतात. पहिला रुपयांचा, दुसरा रुंदीचा आणि तिसरा निगेचा.

प्रथम रुपयांचा हिशेब पाहूं. सार्वजनिक रस्ते बांधणें व ते सुस्थितींत ठेवणें हें महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ अन्वयें महानगरपालिकेचें बंधनकारक कर्तव्य आहे. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिति त्यांत फेरफार करते आणि मुख्य सभा त्याला मान्यता देते. त्यांत पैसा येतो तो मुख्यतः मिळकतकर, बांधकाम-परवानगीचें शुल्क आणि राज्य-शासनाचें अनुदान यांतून. पूर्वीं जकात हा मोठा आधार होता. जकात गेली, तिच्या जागीं आलेला स्थानिक संस्था करहि गेला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर त्याची भरपाई राज्याकडून मिळूं लागली.

याखेरीज मधून मधून दिल्लीहूनहि पैसा येतो. डिसेंबर २००५ मध्यें सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेंत पुण्याएवढ्या शहरासाठीं शंभर रुपयांतील पन्नास रुपये केंद्र देई, वीस राज्य देई आणि तीस महानगरपालिकेनें घालावयाचे असत. या योजनेखालीं जलद बससेवेच्या मार्गांसह त्यांच्या कडेचे पदपथ व सायकल-मार्गहि बांधले गेले. त्यानंतर जून २०१५ मध्यें स्मार्ट सिटी अभियान आलें. त्यांत निवडलेल्या शहरास केंद्राकडून पांच वर्षांत पांचशें कोटि रुपयांपर्यंत साहाय्य आणि तितकीच भर राज्य व स्थानिक संस्था यांनीं घालावी, अशी योजना होती.

आतां या साऱ्या पैशाचा एक स्वभाव आहे, तो ध्यानांत घेण्यासारखा आहे. बाहेरून येणारा पैसा बांधण्यासाठीं येतो, राखण्यासाठीं येत नाहीं. घरचा पैसा येतो तो वर्षाच्या मुदतीनें, आणि ३१ मार्च जवळ आला कीं खर्चाची घाई उडते. शिवाय प्रभागाप्रभागांतून मागणी येते ती तुकड्यांची. या गल्लीच्या तोंडाशीं शंभर मीटर, त्या चौकांत दोनशें मीटर! प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणें चांगला असतो. परंतु पादचारी कांहीं तुकड्यावर चालत नाहीं. त्याला घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून बाजारापर्यंत अखंड वाट पाहिजे. नदीवरच्या पुलाचा नव्वद टक्के भाग पूर्ण आहे असें म्हणून कोणी त्यावरून गाडी नेईल काय? पदपथाचेंहि तसेंच आहे. पैसा मीटरांवर मोजून वाटण्याऐवजीं तो एका संपूर्ण वाटेवर लावला, तरच त्याचें चीज होतें.

आतां दुसरा हिशेब, रुंदीचा. हा माझ्या मतें सर्वांत कठीण आहे. कारण पैसा उसना मिळतो, रुंदी उसनी मिळत नाहीं. आपल्यांत म्हण आहे कीं, अंथरूण पाहून पाय पसरावे. येथें अंथरूण एकच आणि त्यावर पाय पसरणारे मात्र पुष्कळ आहेत.

आपण चोवीस मीटर रुंदीचा एक रस्ता कल्पूं. मधोमध एक मीटरचा दुभाजक सोडला म्हणजे प्रत्येक बाजूस साडेअकरा मीटर उरतात. त्यांतून बससाठीं साडेतीन आणि इतर वाहनांसाठीं तीन असे साडेसहा मीटर दिले. राहिले पांच. त्यांपैकीं एक मीटर झाडें, दिव्यांचे खांब, बांकें व विजेच्या पेट्या यांस लागतो. चालण्यासाठीं मोकळे असे दोन मीटर ठेवूं. भारतीय रस्ते महासभेच्या मानकाप्रमाणें ही मोकळी रुंदी १.८ मीटरहून कमी नसावी. या संख्येमागें कारण आहे. चाकाच्या खुर्चीवर बसलेलीं दोन माणसें समोरासमोर आलीं असतां एकमेकांस ओलांडून जाऊं शकतील, इतकी ती जागा असते. बाजारपेठेंत तर याहूनहि अधिक रुंदी पाहिजे.

आतां हातांत उरले फक्त दोन मीटर. त्या दोन मीटरांत सायकल-मार्ग होऊं शकतो किंवा उभ्या मोटारींची रांग होऊं शकते. दोन्ही होऊं शकत नाहींत. दोन्ही करावयाचें ठरविलें, तर चालणाऱ्यासाठीं काय राहतें? झाडाच्या आळ्यांतून आणि खांबाच्या आडून काढावयाची वाट! पुष्कळ रस्त्यांवर नेमकें हेंच घडतें. दुकानदार म्हणतो, मोटार उभी राहिली नाहीं तर गिऱ्हाईक येणार नाहीं. फेरीवाला म्हणतो, मी कोठें बसूं? त्याचेंहि म्हणणें खोटें नाहीं. २०१४ च्या कायद्यानें त्याच्या व्यवसायाला संरक्षण दिलें आहे आणि त्याची जागा आराखड्यांतच दाखविली पाहिजे. जागा न आंखतां पदपथ बांधला, तर तो पहिल्याच आठवड्यांत पदपथावर येऊन बसेल, आणि दोष मात्र त्याला दिला जाईल.

रुंदी वाढवितां येत नाहीं काय? येते, पण ती स्वस्त नाहीं. अधिनियमाच्या २१० व्या कलमान्वयें रस्त्याची नियमित रेषा ठरवितां येते आणि त्या रेषेंत येणारी जागा घेतां येते. मोबदला रोख द्यावा लागतो, किंवा दुसरीकडे वापरतां येईल असा विकासहक्क द्यावा लागतो. प्रत्येक घरमालकाशीं बोलणीं, हरकती, खटले यांत वर्षें जातात. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा कीं, आहे त्याच रुंदीची वांटणी न्यायानें करावी. जंगली महाराज रस्त्यावर हेंच करण्याचा प्रयत्न झाला. २०१६ सालीं महानगरपालिकेनें रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शिका स्वीकारली आणि त्याच सुमारास या रस्त्याचें रूप पालटण्याचें काम हातीं घेतलें. तेथें वाहतूक एकेरी असल्यानें वाव होता. वाहनें उभीं करण्याच्या जागा आंखून मर्यादित केल्या, जुनीं झाडें राखलीं, पदपथ रुंद केला, बसावयास बांकें ठेवलीं. आज तेथें म्हातारीं माणसें बसलेलीं दिसतात आणि मुलें खेळतांना दिसतात. जागा नवी निर्माण झालेली नाहीं. तिची वांटणी तेवढी बदलली.

रुपये मिळाले, रुंदी ठरली, कीं मग बांधणीचा प्रश्न येतो. या कामांत क्रमाला फार महत्त्व आहे. प्रथम मोजणी होते आणि जमिनीखालीं काय काय आहे याचा शोध घेतला जातो. जलवाहिनी, सांडपाण्याची नळी, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा हीं सारीं पदपथाच्याच पोटांत असतात. तीं आधीं दुरुस्त करून पुढील तारांसाठीं रिकाम्या नळ्या टाकून ठेविल्या पाहिजेत. पुढें पावसाळी गटार, त्यावर कडेचे दगड, मग चेचून घट्ट केलेला खडीचा थर, आणि सर्वांत शेवटीं फरशी. हा क्रम चुकला म्हणजे आज फरशी बसते आणि महिन्याभरानें तार टाकावयास ती उखडली जाते. वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच.

उंचीचाहि विचार केला पाहिजे. पदपथ रस्त्यापेक्षां १५० मिलिमीटरहून, म्हणजे सुमारें सहा इंचांहून, अधिक उंच नसावा. आपल्याकडे डांबराचे थर चढत गेले कीं पदपथहि उंच होत जातो, आणि गुडघे दुखणाऱ्यास तो गड होऊन बसतो. फाटकापाशीं पदपथ खालीं उतरविण्याची पद्धति तर उलटीच आहे. दिवसांतून चार वेळां जाणाऱ्या मोटारीसाठीं शेंकडों माणसांनीं चढउतार करावी, यांत कोणता न्याय? पदपथ सपाटच न्यावा. मोटारीनें लहानशा उतारावरून वर चढावें आणि पलीकडे उतरावें. अंधांसाठीं उठावाच्या फरश्या बसवाव्या, परंतु त्या खांबाशीं जाऊन थांबूं नयेत. दुचाक्यांना अडविण्यासाठीं ठोकळे रोवतांना मधून चाकाची खुर्ची जाईल इतकें अंतर राखावें. या गोष्टींना खर्च थोडा लागतो, लक्ष मात्र पुष्कळ लागतें.

राहिला तिसरा हिशेब, निगेचा. तो बहुधा कोणी मांडीतच नाहीं. केंद्राच्या साहाय्यानें बांधलेले पुण्यांतील कित्येक सायकल-मार्ग कांहीं वर्षांतच निकामी झाले. कोठें फरश्या उखडल्या, कोठें मार्गांत खांब आले, कोठें दुकानाचा माल आला, आणि चौकाशीं येतांच मार्ग अदृश्य झाला. सायकलस्वार त्यांवरून जाईना; आणि मग लोक म्हणूं लागले, "पाहा, सायकली कोण चालवितो? उगाच जागा अडविली!" निगेच्या अभावानें झालेल्या नाशाचा ठपका वापरणाऱ्यावर आला. याच्या उलट जुना दाखलाहि पुण्याचाच आहे. जंगली महाराज रस्ता १९७६ सालीं बांधला गेला तो ठेकेदाराकडून दहा वर्षांची हमी घेऊन. आणि त्याचा टिकाऊपणा ही पुढें अनेक दशकें पुणेकरांच्या बोलण्यांतील कौतुकाची गोष्ट होऊन राहिली. हमी मागितली तर मिळते, आणि काम नीट केलें तर तें टिकतें, हें त्या रस्त्यानें दाखवून दिलें. पदपथाच्या निविदेंतहि दोष-दुरुस्तीचा काळ असतो. तो संपण्यापूर्वीं कोणी तरी जाऊन फरशी न् फरशी पाहिली पाहिजे, आणि तो संपल्यावर दरवर्षींच्या अंदाजपत्रकांत निगेची रक्कम निराळी काढून ठेविली पाहिजे. नव्या पदपथाचें उद्घाटन होतें, दुरुस्त केलेल्या फरशीचें होत नाहीं. म्हणूनच ती रक्कम नागरिकांनीं मागून घ्यावी लागते.

श्रोतेहो, आपल्या रस्त्यावर काम सुरू झालेलें दिसलें, तर आपण तीन प्रश्न अवश्य विचारावे. ही वाट कोठून कोठपर्यंत अखंड जाणार? उभ्या वाहनांची आणि फेरीवाल्यांची जागा आराखड्यांत कोठें दाखविली आहे? आणि पांच वर्षांनीं तुटलेली फरशी कोणाच्या पैशानें व कोण बसविणार? या तिन्हींचें उत्तर मिळालें, तर पैसा सत्कारणीं लागला असें समजावें. एकाचें जरी मिळालें नाहीं, तरी चकचकीत फरश्या पाहून भुलूं नये.

माझी आई अजून सकाळीं देवळास जाते आणि अजून रस्त्याच्या कडेनेंच जाते. तिला अंदाजपत्रक ठाऊक नाहीं, मानकें ठाऊक नाहींत. परंतु पदपथ झाला कीं नाहीं याची परीक्षा तिच्या पावलांइतकी अचूक कोणताहि अभियंता करूं शकणार नाहीं. ज्या दिवशीं ती कोणी न सांगतां आपण होऊन वर चढेल आणि देवळापर्यंत खालीं उतरणार नाहीं, त्या दिवशीं आमच्या रस्त्याला पदपथ मिळाला, असें मी म्हणेन.