दहा राग आणि डिस्कोचा ठेका

१९८० मध्ये 'कुर्बानी' आला आणि नाझिया हसनच्या त्या एका गाण्यानं लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत नुसता धुमाकूळ घातला. दोन वर्षांनी 'डिस्को डान्सर' आला. डिस्को म्हणजे काय हे नीट कोणाला सांगता येत नव्हतं, पण पाय मात्र थिरकायचे! त्याच १९८२ मध्ये मुंबईतल्या एका वादकाच्या मनात आलं, सगळेच डिस्को वाजवताहेत, आपण त्या ठेक्यावर आपले राग वाजवून पाहिले तर? तबला बाजूला ठेवायचा आणि यंत्राला ठेका धरायला लावायचा.

या वादकाचं नाव चरणजित सिंग. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी वाजवलेलं. म्हणजे मैत्रिणींनो, तुम्ही-आम्ही त्यांना शेकडो वेळा ऐकलंय, फक्त नाव माहीत नव्हतं. अशा वादकांचं नाव पडद्यावर कुठं झळकायचं! गाणं गायिकेचं, चाल संगीतकाराची, पडद्यावर नायिका. मागे बसून वाजवणारा मागेच.

तर या चरणजितसिंगांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली. एक सुरांचं, एक ठेक्याचं आणि तिसरी चांदीच्या रंगाची, डब्याएवढी छोटी पेटी, नाव 'टीबी-३०३'. ही पेटी खरं तर एकट्यानं गिटारचा सराव करणाऱ्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून काढलेली. पण तिचा आवाज खऱ्या गिटारसारखा काही येईना, गिऱ्हाईक फिरकेना, आणि १९८४ मध्ये कंपनीनं ती बनवणं बंदच करून टाकलं. सिंगांनी मात्र या पेटीची खुबी ओळखली होती. ती एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारत नाही, घसरत जाते. आपण याला काय म्हणतो? मींड! पेटीवर, म्हणजे आपल्या हार्मोनियमवर, जी मींड निघत नाही म्हणून गवई नाकं मुरडतात, ती या जपानी डबीतून निघत होती.

रेकॉर्ड निघाली एचएमव्हीतर्फे. इंग्रजी नाव लांबलचक, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती एका बाजूला. मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी दुसऱ्या बाजूला. एकेक राग साधारण पाच मिनिटांचा. आणि ही रेकॉर्ड साफ पडली. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना तो डिस्को वाटला असेल, डिस्कोवाल्यांना राग. दुकानदारानं तरी ती कोणत्या कप्प्यात ठेवायची?

अलीकडे आमच्या नांदगाव पेठेत चार जणींनी मिळून ही रेकॉर्ड ऐकली. मोबाईलवर लावली, छोटा स्पीकर जोडला आणि बसलो. सुरुवातीला भैरवात यंत्रातून गाळून आल्यासारखा माणसाचा आवाज येतो, शंकराचं नाव घेणारा. त्यामागोमाग ठेका सुरू होतो, धप् धप् धप् धप्. भजनी मंडळातल्या काकू लगेच म्हणाल्या, "काऊन वं, अटकलं काय ते?" अटकलं नव्हतं, ते तसंच आहे. दुसरी म्हणाली, "याले का भैरव म्हन्तेत?" काकूंनी मात्र डोळे मिटले, जरा वेळानं मांडीवर बोटं पडायला लागली आणि म्हणाल्या, "सूर भैरवाचेच हायेत बाई."

आता काकूंचा कान काही ऐरागैरा नाही. आमच्याकडून नागपूर रोडनं पुढं गेलं की मोझरीचं गुरुकुंज लागतं. तुकडोजी महाराजांच्या भजनांवर आणि खंजिरीवर इथल्या बायकांचे कान तयार झालेत. खंजिरीचा ठेकाही तसा एकसारखाच की. पण हात माणसाचा असतो, भजन रंगात आलं की तो आपोआप चढतो, शब्द जड आला की थांबून घेतो. यंत्र थांबत नाही. या रेकॉर्डमध्ये मला खटकलं ते हेच. ललत हा पहाटेचा राग, त्याला उलगडायला वेळ हवा. इथं त्याला एसटी पकडायची घाई झालेली दिसते. मालकंसाचंही तेच, तो गंभीर राग उगीच पळवल्यासारखा वाटतो. उलट मेघमल्हार आणि कलावती या वेगात झकास बसलेत. आणि भूपाळी! आपण भूपाळी म्हटलं की सकाळी देवाला उठवायचं गाणं समजतो, शास्त्रात मात्र भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. अवघ्या पाच सुरांचा राग, त्यामुळे यंत्राच्या जाळ्यातही तो चटकन ओळखू येतो.

चौथी आमच्या शेजारची, इथल्या एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत मशीनवर काम करते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या कंपनीत दिवसभर असाच आवाज राह्यते. पन त्याले सूर नसते. कधी कधी मीच मनातल्या मनात लावते." आम्ही सगळ्या तिच्याकडे बघतच राहिलो. कारण तिनं सांगितलं ते चरणजितसिंगांनी केलं त्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. ठेका यंत्राचा, सूर आपला.

आता पुढची गंमत. ती बंद पडलेली चंदेरी पेटी अमेरिकेत शिकागोमध्ये जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली. तिथल्या पोरांनी तिच्या खुंट्या पिळून विचित्र आवाज काढले आणि १९८७ मध्ये 'फ्यूचर' नावाच्या गटाची 'अॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली. त्यातून 'अॅसिड हाऊस' नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार जगभर पसरला. इकडे २००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीत सिंगांची रेकॉर्ड सापडली. ऐकून तो चक्रावला, कारण शिकागोच्या आधी पाच वर्षं तोच आवाज मुंबईत निघाला होता. त्यानं मुंबईत येऊन सिंगांना गाठलं आणि २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा काढली. मग परदेशी वर्तमानपत्रांत 'अॅसिड हाऊसचा खरा जनक भारतीय' असा गाजावाजा झाला. मला तो जरा अतीच वाटतो. इथली रेकॉर्ड शिकागोत कोणी ऐकली नव्हती आणि सिंगांना नाचाचा नवा प्रकार काढायचाच नव्हता, ते राग वाजवत होते. पण त्यामुळे सत्तरी ओलांडलेले चरणजितसिंग युरोपात जाऊन हजारो तरुण पोरापोरींसमोर भैरव वाजवून आले, हे मात्र छानच झालं. २०१५ च्या जुलैत मुंबईत ते गेले.

तुम्हाला ऐकायची असेल तर युट्यूबवर आहे, पैसे लागत नाहीत. पण एक सांगते, भाजी निवडता निवडता ऐकू नका. आपलं सगळं ऐकणं असंच, रेडिओ ओट्याशी आणि मालिका पोळ्यांसोबत. आमच्या काकूंनी तर सांगितलं की, भजन सोडलं तर नुसतं ऐकायला म्हणून त्या आयुष्यात कधी बसल्या नव्हत्या. घरचे विचारतात ना, "काय करून राह्यली?" तेव्हा "ऐकून राह्यली" हे काही उत्तर वाटत नाही. हे संगीत कामाच्या मागे लावलं तर खरंच गिरणीसारखं वाजतं, डोकं उठतं. बसून ऐकलं की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ठेका कानाआड होतो आणि आतला राग दिसायला लागतो. सुरुवात मेघमल्हारापासून करा. सगळी रेकॉर्ड पाऊण-एक तासात संपते, तेवढ्यात दोनदा तरी दाराची बेल वाजेल, दुसऱ्या कोणाला तरी उघडू द्या.