बरं वाटलं, हे कुणी ठरवायचं?

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेली माणसं ‘माझं मन ठीक नाही’ असं क्वचितच सांगतात. डोकं दुखतं, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही. फार तर ‘टेन्शन’ आहे. गोळ्या घेतात आणि घरी जातात. अशा माणसांना केंद्रातच कुणीतरी निवांत ऐकून घेणारं मिळावं, यासाठी ‘संगथ’ या संस्थेनं काम केलं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ती 1996 साली गोव्यात सुरू केली. तिचे समुपदेशक तिथलेच, मानसशास्त्राची पदवी नसलेले लोक.

पण मला या संस्थेबद्दल लिहावंसं वाटतं ते तिनं ठेवलेल्या हिशेबामुळे.

समुपदेशनाचा हिशेब बहुतेक ठिकाणी रजिस्टरात संपतो: किती जण आले, किती बैठका झाल्या. बैठक झाली म्हणून माणूस सावरला असं होत नाही. ज्यानं धीर दिला त्यालाच विचारलं, तर तो बरंच सांगणार. समोरचाही भिडेखातर ‘हो, बरं वाटतंय’ म्हणणार. म्हणून दहा आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांवर चाचणी झाली, तेव्हा विचारपूस करायला वेगळी माणसं नेमली. कुणाला समुपदेशन मिळालं आणि कुणाला फक्त नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोण कुठल्या गटात जाणार, ते चिठ्ठी टाकावी तसं ठरलेलं. उपचार साधाच: सहा ते आठ भेटी, आणि माणसानं सोडून दिलेल्या गोष्टी थोड्याथोड्यानं पुन्हा सुरू करून देणं. शेजारी जाऊन बसणं, चर्चला किंवा देवळात जाणं, बंद पडलेलं शिवणकाम हाती घेणं.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात 39 टक्के. 2017 साली हे आकडे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

या आकड्यांमागचं एक काम मात्र मला त्यांच्याहून मोठं वाटतं. रुग्णाच्या संमतीनं बैठका ध्वनिमुद्रित व्हायच्या, आणि समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या बैठका ऐकायचे. ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे. मागच्या वेळी दिलेलं काम विचारलं का? रुग्ण बोलत असताना मधेच तोडलं का? सल्ला लादला का? स्वतःचा आवाज चारचौघांत ऐकणं सोपं नसतं. आपण धीर देतोय असं वाटत असताना प्रत्यक्षात घाई करत होतो, हे टेप निर्दयपणे सांगते. तज्ज्ञांनीही त्याच बैठकांना गुण दिले. अनुभव वाढला तसे सहकाऱ्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या जवळ येत गेले. म्हणजे गुणवत्तेवरची नजर त्या समुपदेशकांच्याच हाती देता येते. तज्ज्ञ मोजकेच असलेल्या आपल्या देशात ही केवढी मोठी गोष्ट आहे!

संस्थेनं न जमलेलंही झाकलं नाही. आधीच्या ‘मानस’ या अभ्यासात 12 सरकारी केंद्रं आणि 12 खासगी दवाखाने होते. सरकारी केंद्रांत समुपदेशकांमुळे स्पष्ट फरक पडला. खासगी दवाखान्यांत पडलाच नाही. तिथले डॉक्टर आधीपासूनच रुग्णाला वेळ देत असावेत, हे त्याचं एक संभाव्य कारण. 2010 साली दोन्ही निष्कर्ष एकाच लेखात छापले गेले. अपायकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांसाठीच्या समुपदेशनाचंही तसंच. गेल्या चौदा दिवसांत दारूला न शिवलेले समुपदेशनाच्या गटात 42 टक्के निघाले, दुसऱ्यात 18. पण जे पीत राहिले, त्यांचं पिण्याचं प्रमाण कमी झालेलं आढळलं नाही.

नैराश्याच्या रुग्णांकडे विचारपूस करणारे बारा महिन्यांनी पुन्हा गेले. समुपदेशन मिळालेल्यांत 63 टक्के बरे होते, म्हणजे मिळालेलं टिकलं होतं. दुसऱ्या गटातलेही मधल्या काळात सावरत 48 टक्क्यांवर आले होते. दोन्ही आकडे शेजारी शेजारीच छापले गेले.