ओलीची खोली आणि बुरशीरोधक रंग



पाऊस उघडला की एकीकडे ऊसतोडीची लगबग आणि दुसरीकडे दिवाळीची रंगरंगोटी. या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो : "भिंतीवर काळी बुरशी धरते. दुकानदार बुरशीरोधक रंग घ्या म्हणतो. महाग आहे, पण टिकंल का?" आमचे उत्तर असे की, टिकेल, पण भिंत कोरडी असेल तरच.

या रंगात बुरशीनाशक मिसळलेले असते. रंगाच्या थरावर ते बुरशी वाढू देत नाही. आपण उसाचे बेणे औषधात बुडवून लावतो, तसलाच हा प्रकार. पण रानात पाणी तुंबले तर औषध लावलेली कांडीही कुजतेच की नाही? भिंतीचेही तेच. आधी निचरा, मग औषध.

म्हणून ओल कुठून येते ते पाहा. जोत्यापासून दोन-तीन फूट वर चढली असेल तर ती बहुधा जमिनीतली. भिंतीकडेचे पाणी उताराने लांब काढा. वरून उतरत असेल तर कौले, पन्हळ, स्लॅबची भेग तपासा. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीच्या कोपऱ्यात असेल तर वाफेची शंका घ्या. तिला खिडकी, झरोका हाच इलाज. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेकाठच्या अनेक घरांत पाणी शिरले. असे पाणी प्यालेली भिंत वाळायला महिने लागतात. घाईने रंग दिला तर ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात.

भिंत वाळली की काम असे करावे :

१. बुरशी कोरडी झाडू नये, ती घरभर उडते. नाका-तोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने घासावी.

२. ५ लिटर पाण्यात ५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून वरची निवळी भिंतीला लावावी, पंधरा मिनिटांनी धुवावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्यात संडास धुण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नये. विषारी वायू होतो.

३. भिंत पुन्हा पूर्ण वाळवून सुटे पोपडे खरवडावेत, मग प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात.

शेतातले बुरशीनाशक घरच्या रंगात मिसळण्याचा उद्योग कोणी करू नये. ते माणसाच्या घरासाठी नाही.

हे सारे शोभेसाठी सांगत नाही. बुरशीच्या खोलीत दम्याच्या पोराचा त्रास वाढतो. कोठीत ओल धरलेल्या शेंगांवर बुरशी येऊन जे विष तयार होते, ते धुऊन वा भाजून पुरते जात नाही. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

ऊसबिलातले पैसे रंगावर घालण्याआधी एक कुदळ घ्या आणि भिंतीकडेची चारी मोकळी करा. निम्मे काम तिथेच होते.