दोन छायाचित्रांचा सांधा

गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची काही छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत लाटा स्पष्ट होत्या आणि ढगही तितकेच स्पष्ट होते. त्या काळी ही गोष्ट फार कठीण. कलोडियनचा लेप दिलेली काच निळ्या प्रकाशाला फार संवेदनक्षम असे. त्यामुळे समुद्राचा तपशील उमटेपर्यंत आकाशावर प्रकाशाचा अतिरेक होई व कागदावर तेथे कोरा पांढरा पट्टाच उरे. ल ग्रे याने समुद्राची एक काच व आकाशाची दुसरी काच घेतली आणि छापताना एकीचा भाग झाकून दुसरीचा उमटविला. सांधा ठेविला तो क्षितिजावर! निसर्गानेच तेथे रेघ ओढलेली असल्याने तो कोणाच्या डोळ्यांत भरेना. एकच आकाश त्याने निरनिराळ्या समुद्रांवर वापरल्याचेही आढळते.

परंतु क्षितिजाच्या जागी धुके किंवा डोंगराची उतरण असेल, तर सरळ रेघ निरुपयोगी ठरते. तेथे एक चित्र दुसऱ्यात विरून गेले पाहिजे. संगणकावर हे काम ‘मास्क’ करतो. दोन चित्रे एकावर एक अशा स्तरांत ठेवून वरच्या स्तरास मास्क जोडतात. मास्क हेही एक करड्या छटांचे चित्रच होय. तो जेथे पांढरा, तेथे वरचे चित्र पूर्ण दिसते. जेथे काळा, तेथे खालचे. जेथे करडा, तेथे दोहोंचे मिश्रण. मूळ चित्रातील काहीच खोडले जात नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत हळूहळू उतरत जाणाऱ्या छटेला ‘ग्रेडियंट’ म्हणतात.

समजा, एका बिंदूची उजळता वरच्या चित्रात २०० व खालच्या चित्रात ८० आहे आणि मास्क वरच्या चित्राला एक-चतुर्थांश वाटा देतो. २०० चा चौथा हिस्सा ५०, ८० चे तीन हिस्से ६०. म्हणून नवी उजळता ११०. दोन वाट्यांची बेरीज नेहमी एक भरली पाहिजे, नाहीतर सांध्यावर उजळ किंवा काळवंडलेला पट्टा उमटतो.

खरी अडचण निराळीच आहे. ग्रेडियंटचा पट्टा रुंद किती असावा? अरुंद ठेवला तर शिवण दिसते; रुंद ठेवला तर दोन्ही चित्रांतील आकृती एकमेकींतून भुतांसारख्या डोकावतात. ढगाला रुंद पट्टा मानवतो, गवताच्या पात्याला अरुंद. आणि एकाच चित्रात दोन्ही असतात! पीटर बर्ट व एडवर्ड एडलसन यांनी १९८३ मध्ये याचा सुंदर उलगडा केला. प्रत्येक चित्र स्थूल व सूक्ष्म तपशिलांच्या थरांत फोडावे, स्थूल थर रुंद पट्ट्यात व सूक्ष्म थर अरुंद पट्ट्यात मिसळावेत आणि मग सर्वांची बेरीज करावी. या रीतीने त्यांनी अर्धे सफरचंद व अर्धे संत्रे जोडून दाखविले. सांधा शोधू जाता सापडत नाही. अनेक छायाचित्रे जोडून एक विस्तीर्ण देखावा तयार करणाऱ्या आज्ञावलींत ही रीत आजही योजिली जाते.

उजेडाची दिशा मात्र कोणताही मास्क बदलू शकत नाही. लाटांवर ऊन डावीकडून आणि ढगांवर उजवीकडून पडले असेल, तर सांधा कितीही मृदू असला तरी चित्रातील विसंगती कायम राहते. बनावट छायाचित्रांची शहानिशा करणारे म्हणूनच सावल्यांच्या दिशाही तपासून पाहतात.